दहा तासांसाठी केलेली पडकई

विमान चालवायचं लायसन पिशवीत असताना मी गेल्या वैशाखात एसटीच्या मागच्या बाकावर धक्के खात तळेघरला गेले, त्याची ही हकिकत. आमच्या निमगाव सावातले लोक तेव्हा पारावर मला बघून विचारायचे, "पायलट झालीस म्हणं, मग हितं काय करती?" त्यांनाही यातच उत्तर मिळेल.

लायसनला दोनशे तास उड्डाण लागतं. ते मी बहुतेक सगळं एका इंजिनाच्या छोट्या विमानावर केलं. नोकरी देणाऱ्यांकडे मात्र दोन इंजिनांची विमानं असतात आणि त्यांना त्यावर हात बसलेलं माणूस हवं असतं. माझ्या नावावर दोन इंजिनांचे पंधरा तास होते. भाड्याने विमानं देणाऱ्या एका लहानशा कंपनीने सांगितलं, "मेअखेर पंचवीस करून या, को-पायलटच्या चाचणीला बसवतो." म्हणजे दहा तास कमी. ऐकायला काहीच नाही. पण दोन इंजिनांच्या विमानाच्या एका तासाच्या भाड्यात आमच्याकडे एकराचं ठिबक बसतं, आणि आबांनी एकदा माझ्यासाठी रान विकलं होतं. दुसऱ्यांदा मी ते विकू देणार नव्हते.

वाट सापडली ती अशी. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका क्लबात दोन इंजिनांचं जुनं विमान नुसतं उभं होतं. तिथले साहेब म्हणाले, "तिघांनी मिळून सलग तीस तास घ्या, दर निम्म्यावर आणतो. एकट्या-दुकट्याला परवडत नाही. तिघांची नावं आणि कागद शनिवारपर्यंत आले पाहिजेत, आणि सोमवारपासून उडायला तिघंही हजर पाहिजेत, नाहीतर पलीकडची पोरं तयारच आहेत." तिघं म्हणजे मी, मंचरचा निलेश आणि तळेघरच्या वरच्या वाडीतला सोमनाथ. आम्ही एकाच ठिकाणी शिकलो. सोमनाथ शिष्यवृत्तीवर शिकला, तिघांत त्याचा हात सगळ्यात चांगला, आणि दोन इंजिनांचे तास सगळ्यात कमी. त्याने हो म्हटलं होतं. मग गावी गेला आणि बारा दिवस फोन बंद.

मंगळवार : निमगाव सावा ते डिंभे

आबा, म्हणजे माझे वडील, कांद्याच्या रानाच्या बांधावर उभे होते. कांदा काढायला आलेला, पात मान टाकून पडलेली, आणि माणसं मिळत नव्हती.

"वैशे, माणसं मिळंनात म्हणून मी गाव पालथं घालतोय, आन् तू डोंगरात कुणाला हुडकाया निघालीस?"

"दोन दिवसांत येते आबा. सोमनाथ नाही आला तर माझे तास गेले."

"दोन म्हंजी दोन," आबा म्हणाले. मी मान हलवली.

निलेश मंचरच्या स्टँडवर भेटला. त्याच्या घरचं कापडाचं दुकान आहे. पणजोबा राजस्थानातून आले. निलेशला मारवाडी अर्धीमुर्धी कळते, पण 'राव' म्हटल्याशिवाय त्याचं वाक्य संपत नाही. घरचं म्हणणं, विमानं उडवून झाली असतील तर गल्ल्यावर बस. त्याने बरोबर खाखऱ्यांची चळत घेतली होती, कारण तो पक्का जैन. कांदा, लसूण, बटाटा चालत नाही आणि दिवस मावळल्यावर जेवत नाही. कांद्याच्या गावची मी आणि कांदा न खाणारा हा. आमची मैत्री कशी टिकली याचं मलाही नवल वाटतं.

घोडेगाव सोडलं आणि बागायत मागे पडली. डिंभ्याला एसटी थांबली ती थांबलीच. ड्रायव्हर उतरून चालता झाला. पुढची गाडी आली तर चारला, असं कळलं. धरणाचं पाणी खाली गेलेलं, काठाला वाळलेल्या चिखलाच्या पायऱ्या दिसत होत्या. रस्त्याकडेला एक आजोबा मासे घेऊन बसले होते. त्यांनी विचारलं, कुठले, कशाला आलात. निलेशने अभिमानाने सांगितलं, आम्ही पायलट.

आजोबांनी आमच्या धुळीने भरलेल्या चपलांकडे पाहिलं. "मंग इमानच आणायचं व्हतं की पावणं. एसटीपरीस लवकर आला असता."

शेजारच्या टपरीत त्यांचाच रोहू तळून मिळत होता. लाल तिखट लावलेला, वरून कुरकुरीत, आत लोण्यासारखा. निलेश माझ्याकडे पाठ करून खाखरा चावत बसला. मी म्हटलं, "नाक तरी इकडे कर, फुकट आहे." तो हसला पण वळला नाही. चारची गाडी आली नाही. शेवटी सिमेंट घेऊन जाणाऱ्या पिकअपच्या मागे पोत्यांवर बसून आम्ही तळेघर गाठलं आणि तिथून तासभर चढलो. पोचलो तेव्हा दोघंही पिठात लोळल्यासारखे पांढरे झालो होतो.

तळेघरच्या वरची वाडी

सोमनाथ आम्हाला उतारावर दिसला. दहाबारा माणसं एका ओळीत, हातात टिकाव, बाया पाट्यांनी माती वाहतायत. सोमनाथने मान वर केली, आम्हाला पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. मला असा राग आला! बारा दिवस मी फोन लावून लावून बोटं झिजवली आणि हा साधा हात वर करत नाही. ओळ टोकाला पोचली, सगळे एकदम थांबले, तेव्हाच तो आला.

"माफ करा रे. मधेच ओळ सोडता येत नाही," तो म्हणाला. "मला यायचंय. पण माझ्या नऊ पडकया राहिल्यात."

इथे पडकई म्हणजे काय ते सांगते. या डोंगरात सपाट जमीन नाही. उतार फोडून, दगडाचा बांध घालून भाताचं खाचर बनवावं लागतं आणि ते एका घराच्या हातचं काम नव्हे. म्हणून वाडीतल्या प्रत्येक घरातून माणूस येतो आणि सगळे मिळून एकाचं खाचर करतात, उद्या दुसऱ्याचं, परवा तिसऱ्याचं. ज्याचं खाचर तो सगळ्यांना जेवू घालतो, स्वतः शेवटी जेवतो, आणि ज्यांनी त्याला दिवस दिला त्या प्रत्येकाला एक दिवस परत देतो. मागच्या पावसाळ्यात सोमनाथच्या घरचा बांध वाहून गेला होता आणि फाल्गुनात त्याच्या बापाचा पाय मोडला. सगळी वाडी येऊन त्यांचा बांध उभा करून गेली. आता घरचा नेहमीचा वाटा आई उचलत होती आणि ही सगळी फेड एकट्या सोमनाथने चालवली होती. नऊ घरं उरली होती, नऊ दिवस, आणि ते पावसाआधीच फेडायचे. शनिवार चार दिवसांवर.

मी बागायतदाराची मुलगी. माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "एवढंच ना? तळेघरातून मजूर लाव. त्यांचा रोज आम्ही दोघं देतो."

सोमनाथने मान फिरवली. सोमनाथची आई, ठकूबाई, पाटी खाली ठेवून माझ्यासमोर आली. उन्हाने रापलेली, काटक, माझ्या खांद्याला लागेल एवढी बाई.

"तू कुठली गं?"

"निमगाव सावाची."

"म्हंजी कांद्याची माणसं. मी आलीय तुमच्याकडं कांदा काढाया. चार सालं. इहिरीच्या कडंला पत्र्याच्या शेडात ऱ्हायचो." ती अजिबात रागावली नव्हती, तेच मला जास्त लागलं. "ती मजुरी. सांजच्याला पैसं घेतलं की तू कोन आन् मी कोन. हितं तसं न्हाई बाय. हितं माणसाला माणूसच द्यावा लागतो."

पत्र्याची शेड आमच्याही विहिरीकडेला आहे. तुम्ही कुणाच्या शेतात राहायचात, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. लाज वाटली की माझं तोंड जास्तच चालतं, तसं ते चाललं. "मग मी माणूस नाही का? सोमनाथच्या जागी मला धरा. हा निलेशपण आहे. तिघं तीन दिवस, रोज तीन घरांच्या खाचरांवर एकेक. नऊ होतात."

ठकूबाईने माझे हात उलटेपालटे करून बघितले. "टिकाव धरलाय का कवा?"

"शिकेन."

ती बाकीच्यांकडे वळली. एक म्हातारा म्हणाला, "येऊ द्या. माणूसच हाय ती बी." शेजारशेजारची तीन खाचरं एकदम धरायचं ठरलं.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या तळहातांना फोड आले, संध्याकाळी ते फुटले. मला शाळेपासून सगळे कामाची म्हणायचे. इथे साठीची बाई माझ्या दुप्पट माती काढत होती आणि वर मला सांगत होती, "जोर नको लावू, वजनच पडू दे." विमान शिकवताना आमचे सर हेच सांगायचे, विमानाचा दांडा आवळून धरू नका.

निलेशने खणायला नकार दिला. मातीत जीव असतात, तो म्हणाला, मी दगड वाहतो. बायांना हसू आवरेना. पण तो प्रत्येक दगड उचलायच्या आधी हलकेच तिरका करून खाली बघायचा. ठकूबाईला वाटलं, इंचवाला भ्यायलाय.

"इंचू चावंल म्हणून बघतो व्हय रं?"

"नाही मावशी. माझ्याकडून तो चिरडायला नको."

तीन दिवसांत त्याने सात विंचू काडीवर घेऊन झुडपात नेऊन सोडले. एरवी पडकईत दर साली एकदोघांना विंचू चावतोच. या खेपेला कुणालाच चावला नाही. शुक्रवारी बाया दगड उचलायच्या आधी त्यालाच हाक मारायला लागल्या, "ओ शेठ, हितं बघा आधी."

जेवण रोज वेगळ्या घरचं. नाचणीची भाकर, हुलग्याचं कालवण, मीठ-मिरची आणि शेवटी पानावर काळीभोर करवंदं. आमच्याकडे मजुरांचं जेवण झाडाखाली आणि मालकाचं घरात. इथे ज्याचं रान, तो वाढायला उभा आणि सगळ्यांच्या मागे जेवणारा. निलेशसाठी ठकूबाईने लसूण न घालता वेगळं कालवण केलं आणि ते उन्हं असतानाच त्याच्यापुढे ठेवलं. जैनांना पाणीही गाळूनच लागतं, ते ती आधीपासूनच फडक्याने गाळून घ्यायची. निलेश खूश. म्हणाला, "राव, आमच्या घरीपण एवढं पाळत नाहीत."

दोन दिवसांचा मी आबांना शब्द दिला होता, तो गुरुवारीच मोडला. वाडीवर रेंज नाही, फोन लागतो ते टेकाड लांब, आणि उजेडात ओळ सोडता येत नव्हती. मनात सारखं कांद्याचं रान यायचं आणि मी टिकाव आणखी जोरात मारायची.

शुक्रवारी उन्हं कलताना नववी पडकई संपली. बांधाचा शेवटचा दगड बसला आणि आम्ही तिघं टेकाडावरच्या जांभळीकडे पळालो, कारण पूर्ण वाडीत फोन तिथेच लागतो. सोमनाथने कागदांचे फोटो पाठवायला घेतले. एक गेला, दुसरा अडकला. निलेश फोन घेऊन जांभळीवर चढला. मी खालून म्हणत होते, पडलास तर तास बोंबलले. फांदीवरूनच तो ओरडला, "गेले!" थोड्या वेळाने साहेबांचं उत्तर आलं. तिघं पक्के, सोमवारी सकाळी सहा. सोमनाथ खाली बसला आणि त्याने तोंड झाकून घेतलं. आम्ही त्याला थोडा वेळ तसंच बसू दिलं.

शनिवार आणि रविवार : पुन्हा निमगाव सावा

घरी आले तर अर्धा कांदा अजून रानात. शेजारच्यांनी जास्त रोज देऊन माणसं पळवली होती. आई-आबा दोघंच उपटत होते, आणि दुपारी वळवाचं आभाळ भरून यायला लागलं होतं. काढणीच्या कांद्यावर पाऊस पडला की तो सडतो.

आबा उपटलेल्या कांद्यावर पात ओढत राहिले. जेवताना म्हणाले, "सोमवारी कुठं जायचं न्हाई."

"आबा, हे दहा तास गेले तर पुन्हा मिळणार नाहीत."

"आन् कांदा गेला तर?"

दोघांचंही खरं होतं. मी म्हटलं, "उद्या दिवसभर जेवढा निघेल तेवढा काढते. पण संध्याकाळच्या गाडीने जाणार." आबा ताटावरून उठले. तरी मी पिशवी भरली.

रविवारी दिवस उगवायला पिकअपचा हॉर्न वाजला. मागून ठकूबाई उतरली, सोमनाथ उतरला, आणखी पाच जण, तो म्हातारासुद्धा. प्रत्येकाच्या हातात आपापला विळा. शनिवारी सोमनाथ आम्हाला तळेघरपर्यंत सोडायला आला तेव्हा मी कांद्याचं बोलले होते, तेवढंच.

आबा धावत पुढे आले. माणसं बघून त्यांना देव भेटला. "काय रोज म्हंता?"

"रोज न्हाई," ठकूबाई म्हणाली. "सोमनाथच्या नऊतल्या सा पडकया तुमच्या पोरीनं आन् त्या शेठनं फेडल्या. आता त्या आमच्या घरावर चढल्या. त्या द्याया आलोय."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं पडकई काय ते. त्यांना पटलं की नाही कळलं नाही, पण ते आपल्या नेहमीच्या जागी, बांधावर, जाऊन उभे राहिले. ठकूबाई ओळीत बसली आणि तिथूनच म्हणाली, "मालक, ज्याचं रान त्यो बी वळीत असतो."

आमच्या आबांना असं कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. आबांनी टोपी सारखी केली आणि म्हाताऱ्याशेजारी येऊन बसले. दहा जणांनी उपटायला आणि पात कापायला सुरुवात केली. घटकाभराने ठकूबाईला तहान लागली तेव्हा ती उठून सरळ आमच्या विहिरीकडे गेली. वाट तिला विचारावी लागली नाही. आबांनी ते पाहिलं. खाली मान घालून ते कांदा उपटत राहिले.

आईने मासवड्या आणि रस्सा केला. पंगत घरात, ओसरीवर बसली. आबा वाढत होते आणि वाढता वाढता सांडत होते, कारण त्यांना सवय नव्हती. सगळ्यांचं झाल्यावर ते जेवले. चारच्या सुमाराला शेवटचा कांदा ऐरणीत, म्हणजे साठवायच्या चाळीत, पडला. त्या दिवशी पाऊस आला नाही, पण माझी गाडी सुटायला तास होता आणि रानात कांदा नव्हता.

निघताना ठकूबाईने बोटांवर मोजलं. "सा फिटल्या. आमी सात व्हतो. एक तुमच्यावर ऱ्हायली."

आबांचा हात खिशाकडे गेला.

"पैसं नगं. एक मुद्दाम जादा आणलीय. समदी फिटली की येणंजाणं सपतं."

धावपट्टीवर

क्लबातले आठ दिवस फार सांगत नाही, कारण पायलटांच्या गोष्टी पायलटांनाच गोड लागतात. उन्हाने हवा पातळ होते म्हणून फक्त सकाळी उडायचो. एक जण चालवणार, तिथले सर शेजारी, बाकीचे दोघं मागे, आणि तास चालवणाऱ्याच्याच नावावर. पहिला कोण, यावर आम्ही बोललोसुद्धा नाही. ज्याचं सगळ्यात जास्त अडलंय तो आधी, म्हणून सोमनाथ.

लोकांना वाटतं, दोन इंजिनं म्हणजे दुप्पट निर्धास्त. तसं नाही. सर मुद्दाम एक इंजिन ढिलं करतात. जोडीतला एक बैल बसला की जू जसं तिरकं होतं तसं विमान त्या अंगाला वळतं, आणि चालू इंजिनाच्या बाजूचा पाय दाबून धरावा लागतो. पोटरी थरथरते. पहिल्यांदा मी नुसत्या जोराने दाबला आणि विमान हेलपाटलं. मग आठवलं, वजनच पडू दे. पाय टेकवला, विमान सरळ झालं. मागून निलेश म्हणाला, "मावशीचं नाव सांगू का सरांना?"

माझा दहावा तास डिंभ्यावरून होता. एअर ट्रॅफिक कंट्रोलने त्या दिवशी तिकडची वाट दिली. खाली धरणाचं पाणी, पुढे तळेघरचा डोंगर, उतारभर खाचरांच्या पायऱ्या. आम्ही घातलेले बांध मी शोधले. शेकडो बांधांत ते ओळखू आले नाहीत. सोमनाथने मात्र मागून बोट दाखवलं, "तो. आणि त्याच्यावरचा." मी हो म्हटलं. विमान उतरलं तेव्हा माझ्या नावावर पंचवीस तास झाले होते.

चाचणीत मी पास झाले. आता त्याच कंपनीत उजव्या, को-पायलटच्या सीटवर बसते. सोमनाथला त्याच्या तासांवर दुसरीकडे बोलावणं आलंय, आणि निलेश अजून अर्ज करतोय, गल्ल्यावर बसलेला नाही.

आबांना मात्र ती एक राहिलेली पडकई टोचत राहिली. पावसाळाभर, दिवाळीत, मी फोन केला की विचारायचे, "त्यांची ती एक कवा द्यायची गं?" मी म्हणायची, माघात पडकया सुरू होतात, तेव्हा देईन सुट्टी घेऊन. यंदा माघात त्यांनी मला न सांगता टिकाव पोत्यात गुंडाळला आणि एसटीत बसले. बासष्ट वर्षांचे आबा, ज्यांनी आयुष्यभर माणसं लावून शेती केली, ते डिंभ्याला गाडी न मिळाल्याने पुढे चालत निघाले. चौथ्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी फोन केला. मी विमानतळावर होते, आवाजात नीट ऐकू येत नव्हतं.

"हात दुखतायत का आबा?"

"फोड आलेत," ते म्हणाले. "एक द्याया गेलो व्हतो, दोन देऊन आलो. आता आपली एक त्यांच्यावर हाय."